पूल वर असताना

सायकल गेली त्याला सात आठवडे झाले.
कापलेली साखळी खांबापाशी नीट गुंडाळून ठेवली होती,
चोरालाही घरचं वळण असावं.

चौकीत डोर्नबॉसने विचारलं, रंग?
काळसर हिरवा.
नंबर?
पाठ होता, सांगितला.
काही खूण?
घंटी वाजत नाही, खोकते.
"खोकते" त्याने लिहून घेतलं नाही.

मी ग्रोनिंगेनच्या कालव्यावर पूल उघडते.
काचेची खोली, एक बटण, एक थर्मास.
दिवसातून अकरा वेळा रस्ता मधोमध दुमडून
आभाळाला टेकवून ठेवते.
बोटी जातात, सायकली थांबतात.
त्या सात आठवड्यांत मी एकही बोट धड पाहिली नाही.

संशय लागला की डोळा स्वस्थ बसत नाही.
हिरवं दिसलं, वळली मान.
शाळेतली पोरं, टपालवाली बाई,
एकदा तर चर्चचे पाद्री,
सगळ्यांना मी मनातल्या मनात पकडलं
आणि मनातल्या मनात माफी मागून सोडलं.

मग एका गुरुवारी,
वाळूचा पडाव पुलाखालून सरकत असताना
खाली गर्दीत कुणीतरी उतावीळपणे घंटी वाजवली.

खोकली.

पडाव गेला. पाणी मिटलं.
पूल खाली घ्यायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं,
अंगठा माझा होता,
पण पूल वरच राहिला.

डोर्नबॉस फोनवर म्हणाला, वीस मिनिटं.
वीस मिनिटं कुणी शहर अडवून धरतं का?
लोखंडी जिना उतरले. किल्ली खिशात.

बाह्यांना पीठ लागलेला माणूस. रूल्फ, बेकरीतला,
नाव नंतर कळलं.
मागे लहान खुर्चीत एक मुलगी, एकाच हातात मोजा.
"सायकल तुमची?"
"हो," म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून,
"चाळीस युरोंची. स्टेशनच्या मागे."
"चाळीस युरोंत अशी सायकल येत नाही,
कळलं नाही तुम्हाला?"
"कळलं ना.
म्हणून तर घासाघीस केली नाही."

डाव्या मुठीचं रबर मी ओढून काढलं.
आमचे बाबा, एप्पो, सायकली दुरुस्त करायचे,
आणि हातातून गेलेल्या प्रत्येकीच्या पोटात चिठ्ठी सारायचे.
आत आहे, माहीत होतं.
अकरा वर्षं हिच्यावर बसले, कधी काढली नव्हती.
विडीएवढी सुरळी. त्यांचं पडतं अक्षर.

*ही हिल्काची आहे.
सध्या ज्याच्याकडे असेल त्याने
मागचा ब्रेक आवळून घ्यावा. सैल आहे.*

अकरा वर्षं सैलच होता.
मी दाबून पाहिला.
चाक जागच्या जागी थांबलं.
"आवळलाय," रूल्फ म्हणाला. "पोरगी मागे बसते ना."

मागे शंभर घंट्या सुरू झाल्या होत्या.
मुलीने विचारलं, पूल मोडला का?

डोर्नबॉस आला. नंबर जुळला.
कायदा सरळ होता, बोल्ट गंजलेला.
खुर्ची सुटेना.
मी वरून पाना आणला,
त्याने धरलं, मी फिरवलं, मग मी धरलं, त्याने फिरवलं.
इतका वेळ मी कुणाशी न बोलता
इतक्या जवळ उभी राहिले नव्हते.

पूल खाली घेतला.
सगळं शहर सायकलवरून सुटलं,
आणि त्यात एकच माणूस पायी,
एका काखेत खुर्ची, दुसऱ्या हाताला मुलगी.
ती मागे वळून पाहत होती,
माझ्याकडे की सायकलकडे, काचेतून कळेना.

चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिलं, *आवळला.*
तारीख घातली. परत आत सारली.

घरी जाताना वाटेत कुणी आडवं आलं नाही,
सिग्नल हिरवे होते.
तरी तीनदा ब्रेक दाबला.